शब्दचर्चा: ‘शिष्यत्व’ रोजच्या बोलण्यात चालतं का? डिसायपलशिपला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मोहननगरची
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या तरुण संघासाठी मी एक छोटी इंग्रजी पुस्तिका मराठीत करून राहिले आहे, बारा आठवड्यांचा अभ्यास आहे, रोज थोडं वचन वाचायचं, प्रार्थना, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि आठवड्यातून एकदा कोणातरी मोठ्या माणसासोबत बसायचं. विषय डिसायपलशिप. मी सगळीकडे ‘शिष्यत्व’ लिहिलं आणि परवा पहिला धडा महिला मंडळातल्या एका काकूंना वाचून दाखवला. त्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ऐकता ऐकता हात थांबला अन् म्हणाल्या, “शिष्यत्व तर पत्करतात पोरी, एकदा पत्करलं का झालं. तू हे जे सांगून राहिली ते तर रोजचं आहे. त्याले दुसरा शब्द पाहा.” तेव्हापासून मी अडकले. पाळकसाहेब म्हणतात शिष्यत्वच ठेव, सगळ्यांना तेच माहीत आहे. पण काकूंचं बोलणं डोक्यातून जातच नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

(आणखी एक, ‘आत्मिक वाढ’ लिहू की ‘आध्यात्मिक वाढ’? पण आधी पहिलं.)

व्याकरणप्रेमी
शिष्यत्व अगदी शुद्ध आहे, बदलू नका. ‘त्व’ लावून भाववाचक नाम होतं, त्यात ‘एकदाच’ असा अर्थ कुठेच नाही. मातृत्व घ्या. बाळंत झाली की मातृत्व संपलं असं कोणी म्हणतं का? काकूंचा आक्षेप खरं तर ‘पत्करणे’ या क्रियापदावर आहे, शब्दावर नाही.

मोहननगरची
मातृत्वाचं पटलं सर. पण आईला कोणी “तुझं मातृत्व कसं चाललंय” असं विचारत नाही ना, “पोरं काय म्हणतात” असंच विचारतो. मला असा शब्द पाहिजे की संघातलं पोरगं दुसऱ्या पोराला रविवारी चर्चच्या फाटकाजवळ गाडीला किक मारता मारता विचारू शकेल.

सुताराचा_नातू
आमच्या घरी यासाठी एकच शब्द होता, हाताखाली. माझे आजोबा सुतार, इतवारीत काम करायचे. नवीन पोरगं आलं की वर्षभर त्याला करवत मिळायची नाही. भुसा झाडायचा, चहा आणायचा आणि रंध्याचं पातं दगडावर घासायचं. पाणी टाकून टाकून घासायचं, मग आजोबा अंगठ्याच्या नखावर धार पाहायचे आणि काही न बोलता पातं परत द्यायचे, म्हणजे अजून घास. पोरगं त्यांच्या हाताकडे पाहून शिकायचं. नंतर कुठं काम मागायला गेलं तर पहिला प्रश्न, कोणाच्या हाताखाली शिकला? सर्टिफिकेट कोणी मागत नव्हतं. प्रभू येशू स्वतः सुतार होता (मार्क ६:३), त्यानं बारा जणांना असंच हाताखाली घेतलं असेल ना, सोबत चालायचं, सोबत जेवायचं, चुकलं की बोलणी खायची. ‘येशूच्या हाताखाली’ हे नाव मला पुस्तिकेला फार आवडेल.

वर्धारोड
हाताखाली म्हटलं की मला ऑफिस आठवते, माझ्या हाताखाली दहा लोक आहेत टाइप. आमच्या ग्रुपमध्ये सरळ डिसायपलशिपच म्हणतात, अमुक दादा मला डिसायपल करून राहिला असं. तसंही डिसायपल आणि डिसिप्लिन एकाच मुळातले आहेत, मराठीतपण शिष्य आणि शिस्त एकच असेल ना?

व्याकरणप्रेमी
नाही. कानाला सारखे लागतात एवढंच. शिष्य संस्कृत ‘शास्’ धातूवरून, ज्याला शिकवायचं, वळण लावायचं तो. शिस्त फारसीतून आली आणि तिचा जुना अर्थ नेम, बंदुकीची शिस्त धरणे असं आपण म्हणतोच. शिस्त म्हणजे वळण हा अर्थ नंतरचा. आणि “डिसायपल करून राहिला” हे मराठी नाही, ते हिंदीच्या साच्यात ओतलेलं इंग्रजी आहे.

कामठीचे_काका
ताई, थोडं ग्रीककडे बघू या, मी उमेदीच्या काळात दोन वर्षं शिकलो होतो. नव्या करारात शब्द आहे ‘माथेतेस’, त्याचं मूळ ‘मान्थानो’, शिकणे. म्हणजे साधा अर्थ शिकणारा. हा शब्द अडीचशेहून जास्त वेळा येतो आणि तोही फक्त चार शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत, पुढे पौलाच्या एकाही पत्रात नाही. तिथे बंधू आहेत, पवित्र जन आहेत, शिष्य नाहीत. अंत्युखियात शिष्यांना ख्रिस्ती हे नाव मिळालं (कृत्ये ११:२६), म्हणजे आधी सगळे शिकणारेच होते आणि ख्रिस्ती हे नाव त्यांना मागून पडलं. आपण उलट करतो, ख्रिस्ती सगळे आणि शिष्य म्हणजे कोणीतरी खास, दररोज पहाटे उठणारा. हे मला आयुष्यभर सलत आलं आहे.

स्त्रीलिंगी रूप ‘माथेत्रिया’ अख्ख्या नव्या करारात एकदाच आहे, यापोच्या टबीथेसाठी (कृत्ये ९:३६). आणि ती काय करायची, तर विधवांना कपडे शिवून द्यायची. तुमच्या शेंगा सोलणाऱ्या काकूंना हे नक्की सांगा.

सुताराच्या नातवानं जे म्हटलं त्याला आधार आहे. मत्तय ११:२९ मध्ये “माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका” यातलं ‘शिका’ हे त्याच मान्थानोचं रूप आहे.

सुताराचा_नातू
काका, जू! आजोबा जू पण करायचे, कळमेश्वर कडून शेतकरी यायचे. बैलाच्या खांद्याचं माप घेऊन लाकूड तासायचं, जरा कमीजास्त झालं की खांदा सोलून निघते. “माझे जू सोयीचे” म्हणजे मापाचं हे मला त्यांनी सांगितलं, कोणत्या प्रवचनात ऐकलं नाही. आणि नवा गोऱ्हा एकटा कधीच जुंपत नाहीत, शिकलेल्या बैलासोबत जुंपतात, ओढ सगळी जुन्याचीच असते सुरुवातीला. ताईच्या पुस्तिकेत मोठ्या माणसासोबत बसायचं आहे ना, ते हेच.

वाचक_धरमपेठ
मी ख्रिस्ती नाही, घर वारकरी, पण चर्चा छान चालली आहे म्हणून लिहितो. वर शिस्त म्हणजे नेम असं आलं, तर ‘नेम’ हाच शब्द का नाही? नेम धरणे म्हणजे निशाणा धरणे आणि नेम धरणे म्हणजे व्रत घेणे, दोन्ही मराठीत आहे. आमच्या आईचा हरिपाठाचा नेम होता, ताप असला तरी सुटला नाही, आवाज निघत नव्हता तर ओठ हलवायची. रोजचं वाचन आणि प्रार्थना यांना ‘नित्यनेम’ म्हटलं तर कोणालाही समजेल.

कामठीचे_काका
शब्द गोड आहे साहेब, पण आमच्यातल्या काही लोकांना तो खटकेल, हे आधीच सांगतो. नेम चुकला की दोष लागतो अशी भावना त्यात येते. आम्ही जे वाचतो ते पुण्य मिळावं म्हणून नाही, कृपा आधीच मिळाली म्हणून. तरुणांच्या मनात हा फरक पुसट होऊ नये असं वाटतं.

मोहननगरची
काका, पण मग उपासना, भक्ती, प्रभू, स्तोत्र, हे शब्द कुठून आले? आमच्या आजोळी चर्चला जाणं म्हणजे “भक्तीले जाणं”च म्हणत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्याआधी ते आपल्या नागपुरात राहून गेले, त्यांनी अभंगात येशू गायला, आणि आपण आजही ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून त्यांची गीतं म्हणतो. शेवटी शेवटी १९१७ मध्ये त्यांनी देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसतील असं त्यांच्या मनात होतं. एवढं सगळं पचलं आणि नेम तेवढा पचत नाही?

कामठीचे_काका
बरोबर बोललीस पोरी. मी शब्दाला नाही म्हणत नाही, भीतीला नाही म्हणतो. माझ्या वडिलांनी आम्हाला वचन पाठ नसलं तर जेवायला बसू दिलं नाही, त्याचा परिणाम म्हणजे माझा एक भाऊ पुढे चर्चकडे फिरकलाच नाही. म्हणून ‘नेम’ म्हटलं की मला ते ताट आठवतं.

वाचक_धरमपेठ
काका, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माफ करा.

वर्धारोड
पण रोजचं काहीतरी तर पाहिजेच ना काका? लूक ९:२३ मध्ये ‘दररोज’ वधस्तंभ उचलायचा असं आहे, मत्तय आणि मार्कात तोच प्रसंग आहे पण तिथे ‘दररोज’ नाही, फक्त लूकमध्ये आहे. आमच्या लीडरनं दाखवलं तेव्हा मी तीन ठिकाणी बोट ठेवून वाचलं. मी एमआयडीसीत शिफ्टला असतो, हिंगण्याला, बसमध्ये मोबाइलवर एक अध्याय वाचतो, बाजूचा झोपून खांद्यावर पडला असतो. ते डिवोशन, म्हणजे रोजची एकट्याची उपासना, आहे का नाही माहीत नाही, पण नाही वाचलं तर दिवसभर चुकल्यासारखं वाटते.

सुताराचा_नातू
ते डिवोशनच आहे भाऊ.

इंदोऱ्याची_नात
उशिरा आले. आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. मी शाळेत जायच्या आधी तिला एक ओवी, म्हणजे एकच वचन वाचून दाखवायचं आणि ती ते दिवसभर पुटपुटायची, तांदूळ निवडताना, नळावर नंबर लावून उभी असताना. संध्याकाळी मी परत आले की म्हणायची, आज रवंथ झाला माझा. लहानपणी मला हसू यायचं. मागच्या वर्षी एका अभ्यासात कळलं की स्तोत्र १ मध्ये “रात्रंदिवस मनन करतो” आहे तिथला इब्री (हिब्रू) शब्द ‘हागा’, त्याचा अर्थच पुटपुटणे, हळू आवाजात घोळवणे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द आहे आणि ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी. ‘मनन’ म्हटलं की आपण डोळे मिटून गप्प बसतो, आजी बरोबर करत होती. मी त्या दिवशी खूप रडले.

व्याकरणप्रेमी
हे सुंदर आहे. ‘रवंथ’ जरूर वापरा. पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ इब्री आणि ग्रीकमधून मराठीत आणलं, ते १९२४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर केडगावला छापून झालं, साध्या बायकांना कळावं हाच त्यांचा हट्ट होता. शुद्ध मराठी म्हणजे संस्कृत मराठी असं माझंही म्हणणं नाही.

मोहननगरची
सर, मग आता एक बोलते, रागावू नका. काल काकूंकडे परत गेले, टबीथेचं सांगितलं, खूश झाल्या. मग विचारलं, काकू तुम्हीच सांगा, तुम्ही चाळीस वर्षं हे करून राहिल्या, तुम्ही याला काय म्हणाल? त्या म्हणाल्या, “म्हणू काय? येशूपाशी शिकून राहिली.” बस. मी तिथेच थांबले. ‘शिकून राहणे’. आपल्या नागपुरी क्रियापदात ते रोजचंपण आहे, न संपलेलंपण आहे. आणि योहान ८:३१ मध्ये काय आहे, माझ्या वचनात ‘राहिलात’ तर खरोखर माझे शिष्य. शिकणं आणि राहणं दोन्ही एकाच शब्दात आलं.

व्याकरणप्रेमी
भावना समजली, पण छापील पुस्तिकेत ‘शिकून राहिलो’ नको. हा ‘सीख रहा हूँ’चा शब्दशः साचा आहे, कोल्हापूर-रत्नागिरीचा मुलगा वाचेल तर त्याला वाटेल शिकून झालं आणि मग तो तिथे राहिला. प्रमाण मराठीत ‘शिकतो आहे’ आहे की.

सुताराचा_नातू
सर, ‘शिकतो आहे’ तुमच्याकडे तरी कोण बोलते, ‘शिकतोय’च म्हणता. तुमचा आखूड केलेला चालते आणि आमचा लांब केलेला चालत नाही? पुस्तिका मोहननगरात वाचली जाणार आहे, रत्नागिरीत नाही. आणि तो रत्नागिरीचा पोरगा जे समजेल, शिकला आणि तिथेच राहिला, ते काही वाईट आहे का?

व्याकरणप्रेमी
वाईट नाही. पण चुकीचं वाचन ते चुकीचंच. एका गावापुरतं लिहिलं की पुस्तक त्या गावातच राहतं.

कामठीचे_काका
स्कॉटिश मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये इथे नागपुरात आले तेव्हा त्यांनाही आधी इथली बोली शिकावी लागली. त्यांच्या शाळेत विद्यार्थी पुष्कळ बसले, शिष्य थोडे झाले. विद्यार्थी आणि शिष्य यातला फरक मराठीला चांगला कळतो, विद्यार्थ्याला विषय असतो आणि शिष्याला माणूस असतो. ‘शिकून राहिलो’ मध्ये तो माणूस कुठे आला? काकूंनी ‘येशूपाशी’ म्हटलं म्हणून आला. ते ‘पाशी’ सोडू नकोस.

इंदोऱ्याची_नात
आत्मिक की आध्यात्मिक ते राहूनच गेलं. आमच्याकडे आत्मिकच, पवित्र आत्म्याशी जोडलेलं म्हणून. २ पेत्र ३:१८ मध्ये कृपेत आणि ज्ञानात ‘वाढत जा’ आहे, नुसतं ‘वाढत जाणं’ लिहिलं तरी पुरे.

वर्धारोड
आणि क्वाएट टाइमला, म्हणजे रोजच्या वाचन-प्रार्थनेच्या वेळेला, काय लिहिलं ताई? शांत वेळ म्हटलं की हॉस्पिटलच्या पाटीसारखं वाटते.

मोहननगरची
‘निवांत वेळ’ लिहिलं आहे सध्या.

वाचक_धरमपेठ
निवांत! माझे वडील सांगायचे की हा मुळात ‘निवात’, वारा नसलेली जागा, जिथे दिव्याची ज्योत हलत नाही.

व्याकरणप्रेमी
व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे, पण मधला अनुस्वार कसा आला ते बघावं लागेल. यासाठी वेगळा धागा काढा.

मोहननगरची
काढते सर. शनिवारी छापायला द्यायचं आहे, आतले धडे झाले, मुखपृष्ठावरची जागा अजून कोरीच आहे. काकूंना उद्या परत वाचून दाखवणार आहे, त्यांनी दुसरा धडापण आणायला सांगितला.