ब्रेक पेडल हळूहळू खाली जातंय, मदत हवी आहे (जरा तातडीने)

चौथा गिअर (धागाकर्ता)
गाडीचं ब्रेक पेडल बसतंय. गाडी थांबते, पण पाय तसाच ठेवला की पेडल सावकाश खाली सरकत जातं. पॅड नवे आहेत, त्यामुळे 'पॅड बघा' असं कृपया कुणी लिहू नका. ब्रेक ऑइल पण फुल आहे. परवा घाटातून जायचंय. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली की काम होईल का, एवढंच सांगा.

रिकामटेकडा
नवे असले तरी पॅड बघाच. माझे नवे पॅड पहिल्या पावसातच किंचाळायला लागले होते.

सव्वाशेर
डोळे झाकून सांगतो, एअरच आहे. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि एकेक निपल (चाकाजवळची हवा सोडायची तोटी) उघडत पुढे या. हाताबरोबर डॉट ५ ग्रेडचं ब्रेक ऑइल टाकून घ्या. नंबर जितका वरचा तितकं ऑइल चांगलं.

जुना फिटर
सव्वाशेर, आता डोळे उघडा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही, आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडीत तर नकोच. तुमच्या मनात बहुतेक डॉट ५.१ असेल, ते वेगळं.
धागाकर्ते, पेडल मऊ लागतं की आधी कडक लागून मग बसतं? हे दोन वेगळे आजार आहेत. दोनतीनदा पंप केलं की वर येतं का? इंजिन बंद असताना काय होतं? ऑइलची पातळी कमी होतेय का? गाडीचं कुठलं काम नुकतं झालंय?

चौथा गिअर
एवढे प्रश्न? कडक लागतं, मग बसतं. पातळी जागच्या जागी आहे. काम काहीच नाही, फक्त सर्व्हिसिंग.

ग्रीसवाली
सर्व्हिसिंगमध्ये ब्रेक ऑइल बदललं होतं का?

चौथा गिअर
हो, ते बदललंच. त्याचा काय संबंध? उलट चांगलंच ना ते.

सव्वाशेर
बघा, बदलताना एअर राहिली. मी काय म्हणत होतो!

ग्रीसवाली
एअर असेल तर पेडल स्पंजसारखं दबतं आणि पंप केलं की वर येतं. धरून ठेवलेलं पेडल एअरमुळे असं सरकत नाही. पेडल सरकतंय म्हणजे ऑइल कुठून तरी निसटतंय. बाहेर पडत नसेल तर आतल्या आत.
ऑइल बदलताना बहुतेक ठिकाणी एकजण पेडल पार तळापर्यंत मारतो आणि दुसरा खाली निपल उघडतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (पेडलचा दाब ऑइलला देणारा मुख्य सिलिंडर) पिस्टन थोडाच पुढे जातो. पलीकडचा भाग वर्षानुवर्षं तसाच पडून असतो, तिथे गंज आणि गाळ धरतो. जुन्या गाडीत पिस्टनवरचा रबरी कप त्या खरखरीत भागावर घासला की त्याची कड चिरते. मग दाबलेलं ऑइल कपाला वळसा घालून मागे टाकीत येतं. पातळी हलत नाही ती याचमुळे.
सिग्नलला हलका पाय ठेवल्यावर जास्त बसतं का? आणि जोरात दाबलं तर टिकतं?

चौथा गिअर
हो!! अगदी असंच. तुम्हाला कसं कळलं?

जुना फिटर
जोरात दाबलं की कपाची कड पसरून भिंतीला चिकटते. हलक्या दाबाला तेवढा जोर नसतो, म्हणून तिथेच चोरी पकडली जाते. ग्रीसवालींशी सहमत, पण खात्री करा. इंजिन बंद ठेवून पेडल तीनचारदा मारा, बूस्टरमधला (पेडलला जोर पुरवणारा डबा) व्हॅक्यूम संपू दे. मग मध्यम जोराने अर्धा मिनिट धरून बसा. तेव्हाही सरकलं तर गळती नक्की. बसल्या बसल्याच इंजिन चालू केलंत तर पेडल जरासं खाली येईल, ते बूस्टरचं काम आहे, त्याला घाबरू नका.
नंतर चारही टायरची आतली बाजू आणि मागच्या ड्रमची खालची कड बघा. मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडलाय तिथे खालून बोट फिरवा. ओलं लागलं तर पाण्याने धुवा, ब्रेक ऑइल रंग खातं.

शंकेखोर
एबीएस युनिटचा व्हॉल्व्ह आतून गळत असला तरी हेच होतं. सगळे मास्टर सिलिंडरच्याच मागे का?

जुना फिटर
होऊ शकतं, पण कमी वेळा. सिलिंडरची दोन्ही तोंडं योग्य बुचांनी बंद करून पेडल दाबायचं. दगडासारखं टिकलं तर सिलिंडर बरा, दोष पुढे. तरीही बसलं तर सिलिंडरच खराब, विषय संपला.

निवांत
अवांतर: घाटात उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पण ३.७ टक्के पाणी शोषलं की १५५ वर आला तरी चालतो असं मानकच सांगतं. उकळलं की वाफ, आणि पेडल थेट जमिनीला.

सव्वाशेर
मी तर उतारावर न्यूट्रल टाकतो. पेट्रोल वाचतं.

निवांत
गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की हल्लीच्या इंजिनात इंजेक्शन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. काय वाचवता, राव?

चौथा गिअर
वाद दुसरीकडे घाला प्लीज. टेस्ट केली. इंजिन बंद असतानाही बसतं. चाकं, ड्रम, बूस्टरची बाजू, सगळं कोरडं. गॅरेजवाला म्हणतो बुचं लावून बघतो आणि दोष सिलिंडरचा निघाला तर फक्त कप किट टाकतो, स्वस्तात होईल. टाकू का? परवा निघायचंय.

ग्रीसवाली
आतली भिंत खरवडलेली असेल तर नवा कपही तसाच चिरेल. आख्खा सिलिंडर बदला. बसवण्याआधी बाकावर ऑइल भरून त्यातली हवा काढायला सांगा, नाहीतर मग खरंच सव्वाशेरांची एअर निघेल. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, तेही विचारून ठेवा. आणि हे होईपर्यंत गाडी घाटात काय, कोपऱ्यापर्यंतही नेऊ नका.

चौथा गिअर
ठीक. परवाचं रद्द. सिलिंडर मागवायला सांगितलाय.

रिकामटेकडा
पॅड पण बघून घ्या त्याच वेळी.

नवखा
माझ्या गाडीचं उलट आहे, पेडल एकदम कडक झालंय, दाबलंच जात नाही. हाच सिलिंडर का?

जुना फिटर
नाही. बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघा. आणि नवीन धागा काढा, इथे गर्दी झाली. गाडी कोणती आणि इंजिन चालू की बंद, हे आधीच लिहा.