टायलेकोडॉनची पाने गळाली : पाणी द्यावे का?

प्रश्न (इंदूर): माझ्या टायलेकोडॉन पॅनिक्युलेटस या जाड खोडाच्या झाडाची पाने एप्रिलमध्ये पिवळी पडून गळाली, खोड मात्र टणक आहे. पाणी वाढवावे काय?

उत्तर: कृपया वाढवू नये. हे झाड दक्षिण आफ्रिकेतील नामाक्वालँडसारख्या प्रदेशातले असून तेथे पाऊस मुख्यतः मे ते सप्टेंबर, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात पडतो. कोरड्या उन्हाळ्यात ते पाने टाकून जाड खोडातील साठ्यावर तग धरते. आपल्याकडे ऋतू उलटे असल्याने ते इथल्या हिवाळ्यात वाढते आणि एप्रिलपासून पाने टाकते.

दुसरे उत्तर: इंदुरात खरा धोका उन्हापेक्षा आपल्या पावसाळ्याचा आहे, कारण तेव्हाही ते निद्रिस्तच असते. माझे एक गच्चीवर असेच कुजले. कुंडी छपराखाली ठेवावी आणि ऑक्टोबरच्या सुमारास कोंब दिसल्यावरच पाणी सुरू करावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आई रोज त्याला तांब्याभर पाणी घालत असे. तो तांब्या आजपासून तुळशीकडे वळवला आहे.