सायकल ट्रॅककडेची पालं: आधी माणसं हलवायची की आधी जागेचा निकाल लावायचा?

सायकलवाला (धागाकर्ता)

कोल्हापुरातल्या आमच्या उपनगरात सायकल ट्रॅकला लागून एक मोठा मोकळा तुकडा आहे. गट नंबर आणि कॉलनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. एक घराणं म्हणतं जमीन आमची, इनामातली. दुसरी पार्टी म्हणते आम्ही ती रीतसर खरेदी केली. त्यातल्या काही भागावर विकास आराखड्यात बागेचं आरक्षण आहे. या भांडणात तिथं नुसती बाभूळ आणि घाणेरी माजली होती. दिवाळीनंतर पालं, म्हणजे कापडी तंबू, पडायला लागली. आधी दोन-तीन होती, आता पंचवीसेक तरी असतील.

एका पालाची दोरी थेट ट्रॅकच्या रेलिंगला बांधलीय. पहाटे अंधारात सायकलवरून येणाऱ्याच्या ती बरोबर गळ्याशी येते. मागच्या महिन्यात एक पोरगा अडकून पडला, कोपर फुटलं. संध्याकाळी वायर जाळून तांबं काढतात, त्या धुरात श्वास घेववत नाही. पहाटे ट्रॅकच्या टोकाला जाता येत नाही, का ते लिहायला लावू नका. बायका चालायला यायच्या बंद झाल्यात.

मी कुणाच्या पोटावर पाय द्यायला निघालेलो नाही. पण फोन केला की ‘जागा वादातली आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. माझं मत: पावसाळ्याच्या आत पालं हलवावीत. बोला.

शिवाजी पेठेतला

बरोबर बोललास भावा. आज दया दाखवायची. उद्या नळ, परवा लाईटचा मीटर, मग मतदान कार्ड, आणि शेवटी घरफाळ्याची पावती नाचवत ‘आम्ही इथलेच’. आम्ही बिगरशेतीचे हेलपाटे घालायचे, गुंठ्याला लाखो रुपये मोजायचे, वीस वर्षं हप्ते भरायचे, आणि यांनी चार बांबू रोवायचे. ट्रॅकवर गाड्या येऊ नयेत म्हणून लावलेले लोखंडी खांब पण गायब झालेत. भंगारात गेले असणार, दुसरं काय.

टाकाळ्यावरची

सायकलवाले दादा, तुम्ही तिथून सुसाट जाता, मी रोज भाजी घेऊन चालत येते. म्हणून मला थोडं जास्त दिसतं.

पहिल्या रांगेत घिसाडी आहेत, फिरते लोहार. नवरा सांडशीनं लालबुंद लोखंड ऐरणीवर धरतो आणि बायको घण घालते, साडीचा काचा मारून. भाता गेला, आता बॅटरीवरचा छोटा पंखा आहे. माझी विळी त्यांनीच धार लावून, पाणी देऊन दिली, साठ रुपयांत. आसपासच्या गावचे शेतकरी खुरपी आणि कोयते घेऊन येतात. त्यांच्या मागं पाटे-वरवंट्याला टाकी लावणारे, आणि पलीकडं विजापूरकडून सेंट्रिंगच्या कामाला आलेली कुटुंबं. म्हणजे ज्यांनी तुमच्या-माझ्या अपार्टमेंटचे स्लॅब टाकले ती माणसं. वायर जाळणारी दोन पोरं वेगळी आहेत, ती रात्री कुठून येतात हे पालातल्या बायकांनाही माहीत नाही. त्यांच्या पोरांना खोकला लागलाय, त्याही त्यांच्या नावानं बोटं मोडतात.

खांबांचं म्हणाल तर लग्नसराईत शेजारच्या हॉलच्या पाहुण्यांच्या गाड्या ट्रॅकवर उभ्या राहायला लागल्या, त्याच आठवड्यात खांब गेले. आणि त्या तुकड्यावर बंगल्यांची खरमाती टेम्पोनं कोण ओततं? कोंडाळ्याच्या बाहेर पडलेला सगळा कचरा पालवाल्यांचाच, असं धरून चालायचं का?

शिवाजी पेठेतला

ताई, विळीला धार चांगली लागली म्हणून जागा द्यायची का?

गल्लीतला वकील

कायद्याचं थोडं. इथं दोन्ही बाजूंनी अर्धवट ऐकलेलं फिरतंय.

१९८५ चा ओल्गा टेलिस खटला सगळे सांगतात, ‘फूटपाथवरच्या माणसाला हलवता येत नाही’ म्हणून. सुप्रीम कोर्टानं तसं म्हटलेलं नाही. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो हे मान्य केलं, पण सार्वजनिक फूटपाथवर राहण्याचा हक्क कुणाला नाही हेही सांगितलं. फक्त त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला लावलं. दुसरं, नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझरवरचा निकाल. त्यात पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस सांगितली आहे, पण रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाईन, नदी-नाल्याकडेच्या अतिक्रमणाला ती सूट नाही.

आता आपली जागा. ट्रॅकची पट्टी सार्वजनिक रस्त्यात मोडते. रेलिंगला बांधलेली दोरी, ट्रॅकवर ठेवलेली चूल, हे महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली नोटीस न देताही काढता येतं. त्याला कोर्टाचा अडसर नाही. पालं मात्र आतल्या जागेत आहेत, खासगी की सार्वजनिक हेच जिचं ठरलेलं नाही. तिथं कोर्टाचा ‘जैसे थे’ आहे. तो पक्षकारांना बांधतो. त्यामुळं दोन्ही मालक हात वर करतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते सोयीचंच आहे.

आरक्षणाचीही गोष्ट आहे. आराखडा होऊन १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक पर्चेस नोटीस, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाच्या दिशेनं पाऊल पडलं नाही तर आरक्षण उडतं. अशा जागा वर्षानुवर्षं मोकळ्या का राहतात याचं निम्मं उत्तर इथं आहे. सगळे पक्ष घड्याळाकडं बघत बसलेले असतात.

उंडगा

वकीलसाहेब, गावात वेगळीच चर्चा हाय. म्हणं दोघातल्या एका पार्टीनंच ही माणसं आणून बसवल्यात, ताबा दाखवायला. खरं-खोटं त्यांनाच ठावं. पण रिकाम्या प्लॉटवर म्हशी बांधायच्या, पत्र्याचं शेड मारायचं, वॉचमन म्हणून कुणालातरी बसवायचं, ह्ये आपल्याकडं नवीन न्हाई.

गल्लीतला वकील

पुरावा नसताना त्यावर बोलत नाही. पण पेठेतल्या दादांची भीती आहे ना, ‘चार बांबू रोवले की जागा त्यांची’, तसं होत नाही. खासगी जागेवर प्रतिकूल ताब्याचा दावा करायला सलग १२ वर्षं उघड ताबा लागतो, सरकारी जागेवर ३० वर्षं. दिवाळीपासूनच्या पालाला काही मिळत नाही. उलट उद्या कोर्टानं कुणाच्याही बाजूनं निकाल दिला तरी पहिल्यांदा हीच माणसं उठणार.

सायकलवाला

१२ वर्षांचं मला सांगू नका, मला उद्या सकाळचं सांगा. आणि निवारे कशाला असतात? तिकडं पाठवा की त्यांना.

टाकाळ्यावरची

निवाऱ्याचा केंद्राचा निकष लाख वस्तीमागं एक आणि किमान १०० माणसांची सोय असा आहे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे पाच हवेत, आणि त्यानंतर शहर केवढं वाढलं ते तुम्हीच बघा. पण समजा पाचही उभे राहिले. बहुतेक ठिकाणी पुरुषांची सोय वेगळी, बायकांची वेगळी. घिसाड्यानं बायको एकीकडं, आपण दुसरीकडं आणि ऐरण कुठं ठेवायची? त्या घिसाडणीला मी विचारलं होतं निवाऱ्याचं. म्हणाली, ‘झोपायला जागा देतील ओ ताई, कामाला कोण देईल?’ एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला निवारा ठीक आहे. यांचं घर आणि दुकान एकच आहे.

शाहूनगरी

ज्या गावात शाहू महाराजांनी १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरची रोज हजेरी लावायची सक्ती बंद केली, फासेपारध्यांना पदरी कामाला घेतलं, त्या गावात शंभर वर्षांनी आपण भटक्यांना ‘उठवा’ म्हणतोय. लाज वाटली पाहिजे.

शिवाजी पेठेतला

प्रत्येक वादात महाराजांना आणून समोरच्याचं तोंड बंद करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. महाराजांनी त्यांना काम दिलं, राहायची सोय लावली. गटारीकडेला पडून राहू दिलं नाही. मी पण तेच म्हणतोय. एक जागा ठरवा, तिथं न्या. इथं नको.

शाहूनगरी

मग ती जागा सांगा. भटक्यांच्या वसाहतीची सरकारी योजना आहे, यशवंतराव चव्हाणांच्या नावाची. कुटुंबाला ५ गुंठे आणि २६९ चौरस फुटांचं घर. पण ती खेड्यांसाठी. यांचं गिऱ्हाईक शहराच्या वेशीवर, म्हणून ते वेशीवरच राहतात. तुमच्या पेठेच्या शेजारी आणायचं म्हटलं तर पहिली हरकत कुणाची येईल?

शिवाजी पेठेतला

माझीच येईल. खोटं कशाला बोलू.

पंचगंगाकाठ

मी पूरपट्ट्यातला. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा शाळेच्या वर्गात झोपलोय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळं माझं मत पालं हलवा असंच आहे, पण कारण सायकलवाल्यांचं नाही.

तो तुकडा नाल्याच्या उतारावर आहे. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढं जायचं सोडून मागं दाबतं. आधी गुडघ्याला लागतं, मग तासाभरात कमरेला. आम्हाला निदान आदल्या दिवशी रिक्षा फिरवून सांगतात. पालावर कोण सांगणार? आणि पाणी उतरल्यावर पंचनामा घराचा होतो. २०१९ ला शहरातल्या कुटुंबाला १५ हजारांची मदत जाहीर झाली, ती घ्यायला आम्हाला रेशनकार्ड, बँक पासबुक, सगळं दाखवावं लागलं. ज्यांचा पत्ताच ‘ट्रॅकशेजारी’ त्यांनी काय दाखवायचं?

म्हणून मेअखेरीपर्यंत हलवा. पण हलवायचं म्हणजे उंचावरच्या जागेत, पाण्याच्या सोयीसकट. नुसतं जेसीबी फिरवून नाही. नाहीतर ती माणसं दोन किलोमीटर खाली, आणखी खोलगट जागेत जाऊन बसतील. दरवर्षी तेच बघतोय आम्ही.

सायकलवाला

हे पटण्यासारखं आहे. पण तोपर्यंत घाणीचं काय? तुम्ही सगळे जागेवर, इतिहासावर बोलताय. ट्रॅकवर माझ्या पोरीला घेऊन जाऊ की नको, यावर कुणीच बोलत नाही.

टाकाळ्यावरची

बोलते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी होते तेव्हा फिरती शौचालयं लागतात की नाही? तसं एक इथं लावायचं. आतल्या वादातल्या जागेत नाही, ट्रॅकच्या टोकाला, सार्वजनिक पट्टीवर. सोबत पाण्याचा टँकर आणि एक कोंडाळा. पालावरच्या बायका कॉलनीच्या बागेतल्या नळावर पाणी भरायला जातात आणि वॉचमन हाकलतो. ‘दिवस उजाडायच्या आत उरकावं लागतं’ असं त्यातली एक म्हणाली, आणि त्याच वेळी तुमच्या सायकली सुरू होतात. घाण तुम्हाला नको, आडोसा त्यांना हवाय. भांडण कशावर आहे मग?

गल्लीतला वकील

होऊ शकतं. सार्वजनिक शौचालयं ही महापालिकेची कलम ६३ खालची बंधनकारक कामं आहेत, आणि पट्टीवर ‘जैसे थे’ लागू नाही. रेलिंगची दोरी आणि वायर जाळणं, दोन्हींच्या तक्रारी त्याच अर्जात वेगळ्या कलमात लिहा. पालं उठवा की ठेवा, हे त्या अर्जात आणू नका. आणलंत की फाईल विधी विभागात जाते आणि तिथं मुक्काम करते.

उंडगा

अर्ज टाईप करून द्या कोणीतरी. सह्या मी गोळा करतो, चहाच्या गाड्यावर एका संध्याकाळचं काम हाय.

सायकलवाला

दोरीचा मुद्दा पहिला घ्या. शौचालय तात्पुरतं, असं स्पष्ट लिहा. मग माझी आणि आमच्या ग्रुपमधल्या दहा-बारा जणांची सही धरा.

शिवाजी पेठेतला

माझी धरू नका. नवरात्रातली शौचालयं परत जातात कारण नवरात्र संपतं. इथलं कधी परत जाणार ते कोण लिहून देणार? वकीलसाहेब देणार? मी वेगळा अर्ज करणार, आणि त्यात दोन्ही मालकांची नावं टाकणार. जागा तुमची म्हणता ना, मग तिला कुंपण घाला, झुडपं काढा, खरमाती उचला, खर्च तुमचा. मिळकतीवर हक्क सांगायला दोघं पुढं, झाडू मारायला कुणी नाही.

टाकाळ्यावरची

दादा, तुमच्या अर्जावर मी सही करते. कुंपण घालायच्या आधी आतली माणसं कुठं जाणार, ही एक ओळ वाढवलीत तर.

शिवाजी पेठेतला

ती ओळ तुमच्या अर्जात घाला, ताई.

पंचगंगाकाठ

दोन अर्ज करा नाहीतर चार, पण मे उजाडायच्या आत करा. सोमवारी अकरा वाजता मी विभागीय कार्यालयात आहे, पूररेषेचा दाखला काढायचाय. ज्यांना यायचंय त्यांनी या.