बजेट मांडतो, पण १० तारखेनंतर पाळले जात नाही. काय करावे?

म्हापसेकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. गोव्यात म्हापशात राहतो, घरात चार माणसे. दोघांचा मिळून पगार महिना ४२,०००. हप्ता, किराणा, वीज, पाणी, गॅस, पेट्रोल, मोबाईल, मुलांची शिकवणी हे २१,००० ठरलेले. ४,००० शिल्लक टाकायचे असे दर महिन्याला ठरते. राहिलेल्यातून मासळी, भाजी, दूध, पाव, औषधे, बाहेरचे खाणे. १० तारखेपर्यंत वहीत नोंदी होतात, मग थांबतात. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च क्रेडिट कार्डावर जातो आणि दिवाळीपर्यंत फिटत नाही. दोघेही यूपीआय वापरतो. भांडण न होता हिशेब टिकवायचा कसा?

हिशेबवही
महिन्याचे बजेट पाळायला कठीण असते, कारण ५ तारखेला खात्यात भरपूर पैसे दिसतात आणि चूक कळते ती २५ तारखेला. आठवडा धरा. ४२,००० मधून ठरलेले २१,०००, वर्षभराच्या खर्चांचे ६,००० (त्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच) आणि शिलकीचे ४,००० वजा करा. राहिले ११,०००. त्याला १२ ने गुणून ५२ ने भागले की आठवड्याला सुमारे २,५००.

आठवडा सोमवारी सुरू करू नका. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी. सोमवारी सुरुवात केली तर बाजाराच्या दिवशी हातात थोडेच उरते आणि कार्ड बाहेर येते. म्हणून गुरुवारी रात्री २,५०० वेगळ्या खात्यात टाका आणि यूपीआय त्याच खात्याला जोडा. पगाराच्या खात्याचे यूपीआय काढूनच टाका. मोठा खर्च पहिल्याच दिवशी होतो, मग उरलेले सहा दिवस किती पुरवायचे ते स्पष्ट दिसते.

दोघांनी एकाच खात्यातून खर्च करायचा असेल तर यूपीआय सर्कल बघा. एकाच्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करता येतो. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ची मर्यादा असते. ११,००० त्यात आरामात बसतात.

आणखी एक, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मासळीवालीला किंवा पोदेराला (पाववाल्याला) यूपीआय केले की पासबुकात फक्त माणसाचे नाव येते. आठवड्याने ते पैसे कशाचे होते हे आठवत नाही, आणि नोंदी बंद पडायचे खरे कारण बहुतेकदा हेच असते. पैसे पाठवतानाच शेऱ्याच्या जागी 'मासळी', 'औषध' असा एक शब्द टाका. वेगळी नोंद लागत नाही.

डिचोलीची ताई
वरचे ६,००० कुठून आले ते सांगते, कारण बजेट मोडते ते इथे. तुमचे आकडे घाला, पण यादी साधारण अशी होईल: चवथ २०,००० (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट, फराळ, कपडे, फटाके सगळे धरून), पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण ६,०००, पावसाआधी शाकारणी आणि डागडुजी ८,३००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,५००, शाळेची फी-पुस्तके १४,०००, जत्रा आणि लग्नामुंजींचे आहेर ६,५००, आयुर्विमा ८,०००. शिवाय १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी: त्या काळात ताजी मासळी महाग, म्हणून ९ आठवडे ३०० जादा, म्हणजे २,७००. बेरीज ७२,०००, महिन्याला ६,०००.

हे पैसे यूपीआय आणि एटीएम कार्ड नसलेल्या बचत खात्यात ठेवा. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील अशी स्थायी सूचना बँकेला द्या. हाताने वळते करायचे म्हटले की एखादा महिना चुकतोच.

चवथीची तारीख नीट बघा. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला. ऑगस्टअखेर आली तर ऑगस्टचा पगार हाती यायच्या आधीच सगळी खरेदी झालेली असते. त्यामुळे चवथीचे पैसे दरवर्षी जुलैअखेर तयार हवेत. पहिल्या वर्षी १२ ने भागू नका. जुलैपर्यंत जेवढे पगार उरले तेवढ्यांनी चवथीचा आकडा भागा. फार मोठा येत असेल तर चवथीचे बजेटच कमी करा, कार्डाला हात लावू नका. घरात श्रावण पाळत असाल तर मासळीचे वाचलेले पैसे त्याच खात्यात टाका.

हिशेबवही
कार्डाबद्दल: बिलाचे चक्र पगाराच्या महिन्याशी जुळत नाही. बिल १८ तारखेला निघत असेल तर २० चा खर्च पुढच्या महिन्याच्या बिलात दिसतो, आणि हा महिना बरा गेला असे वाटते. कार्ड वापरलेच तर त्याच दिवशी तेवढे पैसे आठवड्याच्या खात्यातून कार्डावर भरा.

फोंड्याहून
भांडणाचा मुद्दा राहिला. एकमेकांना प्रत्येक खर्चाचे कारण विचारायला लागलात की दुसरा माणूस लपवू लागतो, मग कसला हिशेब! दोघांनी २,५०० मधूनच आठवड्याला प्रत्येकी २०० स्वतःचे काढा. त्याचा हिशेब मागायचा नाही. यूपीआय लाईटमध्ये (छोट्या खर्चांसाठी आधीच पैसे भरून ठेवायची यूपीआयची सोय) भरलेत तर उत्तम. पासबुकात फक्त भरणा दिसतो, त्यातले एकेक खर्च दिसत नाहीत.

बाकीच्यासाठी गुरुवारी रात्री १५ मिनिटे. एकाने तीन आकडे मोठ्याने वाचायचे: किती घातले, किती गेले, किती उरले. जास्त गेले असेल तर कशावर, एवढेच एका ओळीत. वाचणारा दर आठवड्याला बदला, नाहीतर एक जण मास्तर होतो आणि दुसरा कंटाळतो.

नोंदी मध्येच तुटल्या तर मागचे भरत बसू नका. शेवटची नोंदलेली शिल्लक, अधिक मध्ये घातलेले पैसे, उणे आजची शिल्लक, तो आकडा 'नोंद नाही' म्हणून एका ओळीत लिहा आणि आजपासून पुढे चला. ४०० जास्त गेले तर पुढचे दोन आठवडे २,३०० घाला. सगळे एकाच आठवड्यात कापले तर तोही आठवडा मोडतो. आणि एकाच गोष्टीवर सलग तीन आठवडे जास्त जात असेल तर मांडलेला आकडा चुकीचा आहे, तो बदला.

म्हापसेकर
खूप आभार. एकच शंका: नोव्हेंबर ते मार्च सिझनमध्ये हॉटेलातून दोन-तीन हजार टिप रोख मिळते. ती आठवड्यात धरायची का?

डिचोलीची ताई
नको. आठवड्याचा आकडा सिझनमध्ये वाढवला तर जूनमध्ये खाली आणता येत नाही. रोख रक्कम सोमवारी बँकेत वर्षाच्या खात्यावर भरा. पाच महिने नुसते २,००० धरले तरी १०,००० होतात, म्हणजे चवथीचा अर्धा खर्च.