चार प्रतिमांचा उजेड जुळत नाही, म्हणजे डार्क मॅटरचे (न दिसणाऱ्या, पण वजन असलेल्या द्रव्याचे) गोळे आहेतच!

कोथरूडचा चहाबाज: काल अमृततुल्यात रिकाम्या ग्लासच्या जाड तळातून मोबाईलचा टॉर्च बघत होतो. सरळ धरला तर कडं दिसतं, जरा तिरका केला की ठिपके होतात, आणि काचेत एक बुडबुडा होता तर त्याच्याजवळचा ठिपका एकदम भडक, बाकीचे जागच्या जागी. पुढची दीर्घिका मागच्या क्वेसारचं (लांबच्या दीर्घिकेच्या झगझगीत गाभ्याचं) हेच करते ना! तिच्या गुरुत्वाकर्षणाने उजेड वाकतो, दीर्घिकाच भिंग होते आणि एकाच क्वेसारच्या चार प्रतिमा दिसतात. बी१४२२+२३१ या अशाच भिंगात चारपैकी तीन प्रतिमा जवळजवळ आहेत, वस्तुमान गुळगुळीत पसरलेलं असतं तर मधलीचा उजेड शेजारच्या दोघींच्या बेरजेएवढा हवा, पण ती जेमतेम एका शेजारणीएवढीच भरते. माओ आणि श्नायडर या खगोलशास्त्रज्ञांनी १९९८ मध्येच म्हटलं की दीर्घिकेतल्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. माझ्यापुरता विषय संपला.

शंकेखोर: एवढ्यात कुठे संपवताय, अहो दीर्घिकेत तारे असतात, एकेक तारासुद्धा छोटं भिंगच की. वर धूळ.

कोथरूडचा चहाबाज: खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उशाला असून हे विचारताय? रेडिओत धूळ आड येत नाही आणि क्वेसारचा रेडिओचा भाग इतका पसरट असतो की ताऱ्याचं भिंग त्यापुढे चिमुकलं. बी१४२२ची गडबड रेडिओतच दिसते.

शंकेखोर: बरं, मग बी१५५५+३७५ हे दुसरं भिंग घ्या. तिथेही रेडिओतच गडबड, सगळे गोळे गोळे करत होते, २०१६ मध्ये नीट फोटो काढला तर भिंगाच्या दीर्घिकेत कडेवरून दिसणारी तबकडी निघाली. साधी ताऱ्यांची! मॉडेलमध्ये ती घातली की बरंचसं जुळतं. तुमचा बुडबुडा नव्हता, ग्लासच वाकडा होता.

नारायणगावकर: दोघंही उजेडातच अडकलात. क्वेसारऐवजी मागे पसरट दीर्घिका असेल तर लांब कंस दिसतो आणि गोळा असेल तिथेच तो किंचित मुडपतो, म्हणजे जागाही कळते, वजनही. जेव्हीएएस बी१९३८+६६६ या भिंगात २०१२ ला १९ कोटी सूर्यांचा गोळा असाच सापडला, आणि २०२५ मध्ये त्याच भिंगाच्या रेडिओ कंसात १० लाख सूर्यांचा. उजेड शून्य.

शंकेखोर: हे पटलं. पण एकदोन गोळे सापडून काय होतंय, मोजणी हवी. डार्क मॅटर वॉर्म (वेगाने पळणाऱ्या कणांचं) असेल तर बारके गोळे बनतच नाहीत, कोल्ड (संथ कणांचं) असेल तर ढिगाने हवेत. तेवढे कंस आहेत कुठे?

कोथरूडचा चहाबाज: शोधतायत की. ग्लास मात्र मी दहा रुपये देऊन घरी आणलाय.