मदत हवी आहे: मीटिंगमध्ये कोणी तोंडच उघडत नाही

अस्वस्थ:
जरा लवकर सांगा, सोमवारी रिव्ह्यू आहे. ऑर्डर घटल्यापासून आमच्याकडचं वातावरण पार बिघडलंय. सेल्सवाले प्रॉडक्शनवर ढकलतात, प्रॉडक्शनवाले खरेदीवर. डिलिव्हरीच्या शीटमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या ओळी हिरव्या, आणि सोमवारी ग्राहकाचा फोन आला की त्यातल्याच लाल. मधले दोन दिवस प्लँट बंद असतो, म्हणजे उशीर होणार हे शुक्रवारीच माहीत होतं! लोकांना बोलतं कसं करायचं? कृपया "संवाद वाढवा" असं मोघम नको.

रोखठोक:
किती माणसं आहेत? पगार वेळेवर होतात का? तुम्ही मालक, मॅनेजर की टीममधले? काहीच न सांगता उत्तर कसं द्यायचं?

अस्वस्थ:
दीडशेच्या आसपास. मी डिस्पॅच सांभाळतो, वर प्लँट हेड आणि एमडी. पगाराचा इथे काय संबंध?

रोखठोक:
आहेच संबंध. पगार लांबले की लोक बाहेर शोधायला लागतात, आणि जायचं ठरवलेला माणूस कशाला वाद घालेल? तुम्हीही बायोडेटा तयार ठेवा.

उमेद:
मनोबल खचलंय, दुसरं काही नाही. आमच्याकडे दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं, माणसं मोकळेपणी बोलली, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रेनरची माहिती हवी असेल तर व्यनि करा.

मनुष्यबळ:
उमेद, आत्ता शिबिर नको. कपातीनंतर असा खर्च दिसला की मागे राहिलेले जास्त चिडतात. अस्वस्थ, कपात झाली आहे का? आणि याआधी ज्याने वाईट बातमी दिली, त्याचं पुढे काय झालं?

अस्वस्थ:
झाली, दोन टप्प्यांत. तिसऱ्याची कुजबुज आहे. प्लॅनिंगमधल्या एकाने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं की ही तारीख गाठता येणार नाही. एमडींनी सगळ्यांसमोर झापलं. पुढच्या यादीत त्याचं नाव होतं. पण त्याचं काम तसंही यथातथाच होतं म्हणतात.

मनुष्यबळ:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! त्याचं काम कसं होतं हे कोणी लक्षात ठेवत नाही. खरं बोलला आणि गेला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. नोकियावर तिमो वुओरी आणि क्वी हुई यांचा अभ्यास 2016 मध्ये आला, त्यात हेच आहे. वरच्यांना धास्ती प्रतिस्पर्ध्यांची, मधल्या फळीला धास्ती वरच्यांची. मधल्यांनी अडचणी दाबल्या आणि वरचे न झेपणाऱ्या तारखा देत राहिले.

जुना_हँडसेट:
नोकिया सिंबियनमुळे, म्हणजे त्यांच्या फोनमधल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममुळे गेली, भीतीने नाही.

मनुष्यबळ:
सिंबियन मागे पडतंय हे आतल्या लोकांना कळत होतंच. ते वर कोणी ठामपणे सांगेना, मुद्दा तोच आहे. अस्वस्थ, एमडी हल्ली किरकोळ खरेदीवरही स्वतः सही करतात का?

अस्वस्थ:
हो! तुम्हाला कसं कळलं? पॅकिंग टेपसुद्धा त्यांच्या सहीशिवाय येत नाही.

मनुष्यबळ:
स्टॉ, सँडलँड्स आणि डटन या संशोधकांनी 1981 मध्ये हे मांडलं होतं. धोका जाणवला की संस्था आखडते: अधिकार वर गोळा होतात, माहितीच्या वाटा अरुंद होतात, जुनंच काम जास्त जोर लावून चालू राहतं. त्यामुळे आधी टीमला बोलतं करायला जाऊ नका. रिव्ह्यूच्या आधी प्लँट हेडना एकट्याने भेटा, भर बैठकीत झापणार नाही एवढा शब्द एमडींकडून घ्यायला सांगा. मग रिव्ह्यूमध्ये पहिला उशीर तुमच्या डिस्पॅचचा वाचून दाखवा.

रोखठोक:
सपशेल असहमत. एमडी बदलणार नाहीत आणि बळीचा बकरा हेच होतील. दीडशे माणसांच्या कंपनीत शब्द पाळणारे एमडी मी तरी पाहिले नाहीत.

मनुष्यबळ:
मी पाहिलेत. शब्द मिळाला नाही तर अस्वस्थ यांनी वाचू नये, तेवढं तारतम्य त्यांना आहे.

सायली_क:
शीट एक्सेलमध्ये असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंग लावा, तारीख उलटली की ओळ आपोआप लाल होते.

अस्वस्थ:
सायली, तारीख उलटल्यावर लाल होऊन काय उपयोग, मला आधी कळायला हवंय. प्लँट हेडना उद्याच फोन करतो. लाल ओळीपुढे माणसाचं नाव लिहायचं की विभागाचं?

मनुष्यबळ:
दोन्ही नको. ऑर्डर नंबर, कशावाचून अडलंय ते, आणि खरी तारीख. आणि त्या ग्राहकाला फोन शुक्रवारीच.