विषय: विसर्जनाचा टब आज कोण उपसणार?

मंडळी,
हॉलमागचा टब अजून भरलेलाच. मूर्ती विरघळून आठवडा झाला. ब्लॉकखाली लाल फलक लागलाय, म्हणजे आसपास डेंग्यूचे दहा किंवा जास्त रुग्ण. एनईएचे, म्हणजे सिंगापूरच्या पर्यावरण खात्याचे इन्स्पेक्टर आले तर दंड मंडळाला.
– अनघा

अनघा,
टब विसर्जन समितीचा आहे, समिती बघेल. शाडूचं पाणी कुंड्यांसाठी दरवर्षी वाटतो, अर्ध्यांनी अजून नेलेलं नाही. कापूर टाकलाय, रात्री कॉइलही लावतो.
– शरदकाका

काका, डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसाउजेडी चावतो, रात्रीची कॉइल कोणासाठी? टबात अळ्या झाल्यात. मोबाइलचा उजेड पडला की वळवळत तळाशी जातात. पाणी गटारात नको, सुक्या मातीवर ओता. काठही घासा, अंडी तिथेच चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. टायगर डास, एडिसचीच एक जात, जुन्या टायरांतून जगभर गेला तो असाच. 2001 मध्ये तर चीनहून लकी बांबूच्या पाण्यातून कॅलिफोर्नियात उतरला. मखराजवळचा बांबूही बघा.
– मिलिंद

बांबू माझा आहे आणि पाणी मी एक दिवसाआड बदलते. धन्यवाद.
माझं माहेर बार्शीचं. 1973 मध्ये तिथे चिकुनगुन्याची साथ होती. आई सांगायची, भाकरी थापायला हात वळत नव्हते. पुढे तीसेक वर्षं नाव नाही, आणि 2005-06 मध्ये देशभर.
– सुलभा

वहिनी, तेव्हाच हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एक तृतीयांश लोक आजारी पडले. विषाणूत एक छोटा बदल झाला आणि टायगर डासातून तो जोरात पसरायला लागला. 2007 मध्ये केरळहून गेलेल्या एका पाहुण्यामुळे इटलीतही साथ आली.
– मिलिंद

म्हणजे सगळं खापर पाहुण्यांवर? माझे सासूसासरे पुढच्या आठवड्यात पुण्याहून येतायत.
– केतकी

केतकी, येऊ देत की. इटलीत डास नसते तर त्या पाहुण्याला नुसता ताप आला असता. आपल्याकडे टब भरून ठेवलाय.
– मिलिंद

एनईए स्वतःच डास सोडतं, ते चालतं?
– शरदकाका

काका, ते वोल्बाकिया नावाचा जीवाणू अंगात असलेले नर. चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जमलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. टबातल्या अळ्यांना त्याने काय फरक पडणार? घासणी आणतो, मागच्या दाराची किल्ली द्या.
– मिलिंद

किल्ली नाट्यविभागाकडे. समितीला विचारून मागा.
– शरदकाका